मला गव्हाण म्हणू नका

मी एक जुना कयाक आहे. पुन्हा सांगतो, कारण आमच्या तांड्यात एकदा सांगून भागत नाही. मी कयाक आहे! एकट्या माणसानं आत बसून समुद्रात वल्हवायचा लांबट, अरुंद डोंगा. मी पन्हाळ नव्हे, टाकी नव्हे, आणि पाहुणे आले की बादलकाका हसत हसत सांगतात तशी ढोरांची गव्हाण तर मुळीच नव्हे. मित्रांनो, उद्या तुमच्या पोटात कुणी रोज सकाळ-संध्याकाळ कुटार, म्हणजे वैरणीचा भुसा, कोंबलं आणि वरून सरकीची ढेप कालवली, तर तुम्ही गप्प बसाल का? मग मी तरी का बसावं?

पण आपली कहाणी रागानं सुरू करू नये म्हणतात. ठीक आहे. जन्मापासून सांगतो.

माझा जन्म कोकणात, खाडीकाठच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. रवी नावाच्या कारागिरानं लांबलचक साच्यात काचेच्या धाग्यांचं कापड अंथरलं, त्यावर चिकट रसायन फासलं, पुन्हा कापड, पुन्हा रसायन. वाळल्यावर साचा उघडला आणि मी बाहेर आलो. वरून पिवळा, खालून पांढरा, दोन्ही टोकांना निमुळता. मधोमध एक माणूस पाय लांब करून बसेल एवढी जागा, आणि तिच्या पुढे एक, मागे एक असे सामानाचे दोन बंद कप्पे. कप्प्यांना अशी घट्ट झाकणं की पाण्याचा थेंब आत जायचा नाही.

हे दोन कप्पे लक्षात ठेवा. माझ्या सगळ्या दुःखाचं मूळ तिथंच आहे.

रवीनं मला पाण्यात सोडलं तेव्हा मी वाऱ्यावर नाचायला लागलो. त्यानं दोन्ही कप्प्यांत वाळूच्या पिशव्या ठेवल्या, खाली, सपाट, पुढेमागे सारख्या. मी लगेच शहाण्यासारखा पाण्यात बसलो. "बस्स," रवी म्हणाला, "याचं पोट भरलेलं पाहिजे. रिकाम्या पोटी हा वाऱ्याचं ऐकतो, भरल्या पोटी माणसाचं." एवढं साधं आहे माझं. कुणाला समजू नये असं त्यात काही नाही.

तिथून मी मालवणकडच्या एका जलक्रीडा केंद्रात गेलो. केंद्र कसलं, फोटोंचा कारखाना! पर्यटक यायचे, मला वाळूतच ठेवून माझ्यात बसायचे, वल्हं हवेत धरायचे, फोटो काढायचे आणि भजी खायला निघून जायचे. एका नवरदेवानं तर बुटांसकट माझ्या पाठीवर उभं राहून फोटो काढला. मी समुद्रासाठी जन्मलो होतो आणि समुद्र माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होता. पुढे केंद्रात प्लास्टिकच्या नव्या, रुंद होड्या आल्या आणि मला मागच्या बाजूला नारळाच्या सोडणांत टाकून देण्यात आलं.

तिथं मला राखीनं पाहिलं. राखी त्या केंद्रात पर्यटकांना वल्हवायला शिकवायची. मूळची ती यवतमाळ जिल्ह्यातली. बोरी अरबच्या बाजारापासून थोडं आत गेलं की बंजाऱ्यांचा एक तांडा आहे, तिथली. तिच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखच्या मुलूख पालथे घातले. त्या फिरत्या व्यापाराला ते लदेणी म्हणत. आता तांडा एका जागी बसला आहे, कापूस आणि तूर पिकवतो. राखी मात्र एका जागी बसणारी नव्हती. धरणाच्या पाण्यावर ती वल्हवायला शिकली आणि वल्हवत वल्हवत थेट समुद्राला येऊन भिडली.

तिनं माझ्या अंगावरची सोडणं झटकली, दोन्ही कप्पे उघडून पाहिले, झाकणं दाबून पाहिली. मग केंद्राच्या मालकाला म्हणाली, "याचा कोणी वाली नसन तं मी नेतो याले." मालकाला तेवढीच अडगळ कमी झाली.

तिच्या मनात एक मोठी गोष्ट होती. रत्नागिरीपासून किनाऱ्याकिनाऱ्यानं दक्षिणेला तेरेखोलच्या खाडीपर्यंत एकटीनं वल्हवत जायचं. तो किनारा म्हणजे काही गुळगुळीत वाळू नव्हे. कड्यामागून कडा, टोकामागून टोक, आणि टोकापाशी खडकावर फुटणारं पाणी. मला तर ते ऐकूनच हुरूप आला. म्हटलं, चला, शेवटी कुणीतरी माझ्या जन्माचं सार्थक करणार!

आणि या पोरीनं काय करावं? समुद्र सोडून मला घरी न्यायला काढलं! कारण काय, तर त्यांच्या घरात कुठलीही नवी वस्तू दादीनं, म्हणजे राखीच्या आजीनं, कुंकू लावल्याशिवाय वापरायची नाही. शिलाई मशीन असो, ट्रॅक्टर असो, मोबाइल असो, आधी दादीचा हात. म्हणून घाट चढवून मला इचलकरंजीला आणलं. तिथं तिच्या नात्यातला भावसिंग कापसाच्या गठाणी उतरवून परत निघाला होता. त्यानं मला रिकाम्या ट्रकवर दोरांनी करकचून बांधलं. जसजसा समुद्र मागे पडत गेला तसतसा माझा जीव कासावीस झाला. वाटेत ढाब्यावरची माणसं विचारायची, हे काय आहे, आणि भावसिंग बेधडक सांगायचा, "विमानाचा पंख होय." म्हणे विमानाचा पंख!

तांड्यात उतरलो तेव्हा सगळी वस्ती गोळा झाली. ही मंडळी आपसात गोरबोलीत बोलतात, बाहेरच्यांशी वऱ्हाडीत. मला आता दोन्ही कळतात, पण तुमच्यासाठी वऱ्हाडीतच सांगतो.

"काय वो राखी, पन्हाळ आणली काय घराले लावाले?" हे बादलकाका, राखीच्या वडिलांचे धाकटे भाऊ. घरचे बैल त्यांच्याकडे असतात. माणूस वाईट नाही, पण दिसेल त्या वस्तूचा बैलांना काय उपयोग, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात येतो.

"कयाक होय, काका. याच्यात बसून समुद्रात जातेत."

"बाप्पा! एवढ्याशा भोकात? अन् त्याच्यापेक्षा ढोरांच्या कामी आली असती, चांगली लंबी हाये."

मी तेव्हा ते हसण्यावारी नेलं. तिथंच सावध व्हायला हवं होतं.

मग दादी आल्या. हंसाबाई त्यांचं नाव. हातातल्या बलोत्यांचा, त्या रुंद बांगड्यांचा, खळखळाट, ओढणीला आरसे, आणि चाल अशी की बायका आपोआप बाजूला झाल्या. त्यांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली, माझ्या नाकाला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"राखी, तुह्या पणजोबाच्या बापाच्या लदेणीत सगळ्यात पुढं एक बैल चाले," त्या म्हणाल्या. "शिंगाले कवड्या, गळ्यात घंटा. तो चालला का लदेणी चाले, तो बसला का लदेणी बसे. पण त्याच्या पाठीवर चिमूटभर ओझं नसे. तो देवाचा. आपल्या तांड्यातून समुद्रात जाणारी तू पयली. मंग हा पुढं चालणारा झाला. हा सरदार होय."

मित्रांनो, मी फुशारलो. का फुशारू नये? आयुष्यात पहिल्यांदा मला नाव मिळालं होतं.

"सरदारच्या पाठीवर ओझं टाकू नको," दादी म्हणाल्या. "वचन दे."

"पण दादी, समुद्रात याले..." राखी बोलायला लागली आणि थांबली. दादींचे डोळे भरले होते. त्यांनी स्वतः कधी समुद्र पाहिला नव्हता. लहानपणी राखीला पाण्यात उतरू दे म्हणून घरच्या पुरुषांशी भांडल्या होत्या त्या याच दादी. राखीनं त्यांच्या हातावर हात ठेवला. "देल्लं वचन."

अगं, शिकलेली ना तू? लोकांना शिकवतेस ना? रिकामा कयाक वाऱ्यावर कसा नाचतो हे तुला माहीत नाही? तिला सगळं माहीत होतं. पण दादीपुढे तिचं शहाणपण चालत नव्हतं.

थंडीच्या दिवसांत आम्ही रत्नागिरीहून निघालो. आणि राखीनं काय शक्कल काढली, ऐका. तंबू, पाणी, पोहे, दुखण्याच्या गोळ्या, सगळं तिनं दादीनं शिवलेल्या कवड्यांच्या गोणीत भरलं आणि ती गोणी स्वतःच्या पाठीला बांधली! म्हणे, ओझं माझ्या पाठीवर आहे, सरदारच्या नाही, म्हणजे वचनही पाळलं. धन्य! माझे दोन्ही कप्पे ठणठणीत रिकामे, आणि सगळा भार वर, तिच्या खांद्यांवर. ज्याला पाण्याचं ओ की ठो कळत नाही असा माणूसही ही चूक करणार नाही, कारण त्याला सरदार बैलाची गोष्ट ठाऊक नसते. ही चूक करायला या तांड्यातच जन्मावं लागतं.

तरी सुरुवातीचे दिवस सोन्यासारखे गेले, हे कबूल करतो. पूर्णगड मागे टाकलं. आंबोळगडच्या खडकांना लांबून वळसा घातला. समुद्र शांत असला की मी असा सरसर जायचो की राखी मोठ्यानं गाणी म्हणायची, गोरबोलीतली, सूर सोडून. किनाऱ्यावर उतरलो की माणसं जमायची आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, "एकटीच? घरचे कुठायत?" राखी माझ्या पाठीवर थाप मारायची. "हा काय घरचा!" त्या थापेसाठी मी आणखी दहा टोकं ओलांडली असती.

पण दुपारी वारा सुटला की माझे हाल सुरू व्हायचे. रिकामं नाक वर उचललं जायचं, वारा त्याला धरून फिरवायचा, आणि राखी एकाच बाजूनं वल्हं मारत मला सरळ करायची. पाठीवरची गोणी तिला एकदा डावीकडे ओढायची, एकदा उजवीकडे. ती रोज संध्याकाळी खांदा चोळत बसायची आणि माझ्या रिकाम्या कप्प्यांकडे बघायची. एकदा तर तिनं पुढचं झाकण उघडलं, पाण्याची बाटली आत धरली, आणि पुन्हा काढून घेतली. मी मनात ओरडत होतो, ठेव गं, ठेव! तुझी दादी इथं बघायला येणार आहे का?

विजयदुर्ग ओलांडला. देवगडच्या अलीकडे एक टोक आहे, काळ्या खडकांचं. त्या टोकावर समोरून वारा आला आणि खडकावर आपटून परतणारी लाट बाजूनं आली. मला वाऱ्यानं आडवं फिरवलं. राखीनं पूर्ण ताकदीनं वल्हं ओढलं, त्याच क्षणी गोणी तिच्या पाठीवरून एका बाजूला कलली आणि ती गोणीसकट पाण्यात गेली. तिच्याबरोबर मीही उलटा झालो. माझं नाक खडकावर फुटलं. गोणीचा पट्टा खांद्यात अडकून तिचा खांदा निखळला. तरी तिनं दुसऱ्या हातानं माझी दोरी सोडली नाही. जवळच्या होडीतल्या मच्छीमारांनी आम्हा दोघांना ओढून काढलं. तेरेखोल अजून कितीतरी लांब होतं.

ते सगळं मी सहन केलं. समुद्र आहे, पाडणारच. पण पुढे जे झालं ते मी आजवर विसरलो नाही. किनाऱ्यावर खांदा बांधून घेऊन राखीनं घरी फोन लावला. मी शेजारीच पालथा पडलो होतो, सगळं ऐकत होतो.

"दादी, मी बरी हाये. नाई, जास्त नाई लागलं. कसं झालं म्हणजे..." तिनं माझ्याकडे पाठ केली. "सरदारनं पाडलं."

सरदारनं पाडलं! मी? अरे, ज्यानं रिकाम्या पोटी एवढे खडक ओलांडले, ज्याचं नाक फुटलं, त्याच्यावर आळ! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. तिनं असं का केलं हे मला तेव्हाही कळत होतं. खरं सांगितलं असतं तर दादींनी जन्मभर स्वतःला बोल लावला असता. दादीला वाचवायला तिनं माझा बळी दिला. मला तोंड नाही ना! मुक्यावर काहीही टाका, तो नाही म्हणायला येत नाही.

फुटक्या नाकाचा डोंगा ठेवायला केंद्रात जागा नव्हती. पुन्हा भावसिंगचा ट्रक, पुन्हा तांडा. या वेळी नारळ नाही, कुंकू नाही. दादींनी राखीचा खांदा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"जो सरदार आपल्याच माणसाले पाडते तो कायचा सरदार? बादल, याले कोठ्यात नेऊन टाक."

बादलकाकांना तेवढंच हवं होतं. त्यांनी माझं आसन उपटून उकिरड्यावर फेकलं आणि मला कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, विटांवर टेकवून बैलांपुढे मांडलं. माझ्या बसायच्या जागेत कुटार, ढेप, कोंडा. पुढच्या कप्प्याचं झाकण राखीच्या आईनं, उज्ज्वलाताईंनी, पाण्याच्या माठावर ठेवलं. "लय बेस बसते," म्हणाल्या. बसणारच, समुद्र अडवणारं झाकण आहे ते! आणि माझं वल्हं? ज्यानं अरबी समुद्र कापला त्या वल्ह्यानं अंगणात तूर पसरत होते. राखी महिनाभर घरी होती. कोठ्याकडे यायची, मला बघायची आणि मान खाली घालून निघून जायची. मग खांदा बरा झाला आणि ती आपल्या कामावर परत गेली. एका शब्दानं माझी बाजू घेतली नाही.

त्या दिवसांत मला विचारणारा एकच जीव होता. चंद्या नावाचा बैल. तो कुटार खाऊन झालं की माझं अंग चाटायचा. मला वाटलं, माया आहे. नंतर उमगलं, माझ्या सांदीकोपऱ्यांत समुद्राचं मीठ वाळून बसलं होतं आणि हा पठ्ठ्या ते चाटून खात होता. माझ्याजवळ समुद्राची तेवढीच खूण उरली होती, तीही यानं पुसली. सांगा, कुणाकुणावर रागवायचं?

पावसाळा सरत आला आणि पोळा जवळ आला. बादलकाकांनी ठरवलं की सणाच्या दिवशी चंद्या आणि त्याच्या जोडीदाराला स्वतंत्र गव्हाणी द्यायच्या. आणि दोन गव्हाणी कशातून करायच्या? माझ्यातून. मला मधोमध कापून!

पोळ्याच्या आदल्या दिवशी राखी दारव्ह्याहून एसटीनं आली. तिनं अंगणात पाऊल टाकलं तेव्हा काका बैलांच्या शिंगांसाठी आणलेल्या गेरूनं माझ्या पाठीवर आडवी रेघ ओढत होते. शेजारी करवत पडली होती. राखीचा चेहरा उतरला. "काका, हे काय करून राह्यले?"

"दोन गव्हाणी. सणाले नवी वस्तू पायजे न बैलाले. तसंही काय कामाचं हाये ते? तुले पाडलं त्यानं."

राखी उंबऱ्यावर बसली आणि नखानं जमीन कोरायला लागली. बोल ना, बोल! आता नाही बोलणार तर कधी? माझे दोन तुकडे झाल्यावर?

दादी पलीकडे चंद्याची खांदेमळण करत होत्या. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात, वर्षभराचं जू वाहून शिणलेल्या खांद्याला. "आज आवतन घे, उद्या जेवाले ये," त्या चंद्याच्या कानाशी म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघताच पुढे बोलल्या, "पाय चंद्या, तू ओझं वाहतं म्हणून तुहा खांदा मळतो. याच्या पाठीवर म्या ओझं पडू देल्लं नाई, देवाचा म्हणून जपलं, तरी यानं माही पोरगी बुडवाले नेली. नमकहराम!"

काकांनी करवत उचलली. पहिला फेरा माझ्या पाठीत गेला. दुसरा गेला. पांढरा भुसा उडाला.

"थांब काका!" राखी उठून आली आणि तिनं करवतीचं पातंच धरलं. "नमकहराम तो नाई. दादी, त्यानं नाई पाडलं मले."

दादींचा हात चंद्याच्या खांद्यावर थांबला.

"ओझं माह्या पाठीवर होतं," राखी म्हणाली. "याच्या पोटात टाकाले पायजे होतं. रिकामा असला का वारा याले फिरवते, आन् भार वर असला का माणूस पलटते. मले माहीत होतं. पण तुले वचन देल्लं होतं. गोणी पाठीले बांधली, ती कलली, मी पडली. मी पडली म्हणून तो पडला."

उज्ज्वलाताई माठापाशी तांब्या धरून तशाच उभ्या राहिल्या. आणि मी, मित्रांनो, मला वाटलं आता दादी रडतील, राखी रडेल, गळ्यात पडतील, आणि मी पुन्हा विसरला जाईन. पण हंसाबाईंना तुम्ही ओळखत नाही!

"मंग मले खोटं काहून सांगतलं?" त्या कडाडल्या.

"तू स्वतःले दोष देशील म्हणून."

"देईन! माहा होता तं मीच देईन न! मी काय दोष घ्याले भेतो? माहा दोष उचलून या मुक्या जनावराच्या डोक्यावर कायले टाकला? सहा-सात महिने म्या याच्यापुढं थुंकली. याले कोठ्यात बांधलं. आन् तू मान खाली घालून पायत राहिली? माही माया असली करते काय?"

राखीला रडू फुटलं. तिच्या रडण्यानं मी विरघळलो नाही, स्पष्ट सांगतो. हे शब्द मला त्या किनाऱ्यावर पालथा पडलो होतो तेव्हापासून बोलायचे होते. माझ्या वतीनं कुणीतरी ते बोललं, तेही बरोबर शब्दांत, आणि मी काही तसूभरही कमी-जास्त केलं नसतं.

दादी हळदीची वाटी घेऊन माझ्यापाशी आल्या. वाटीत चंद्यासाठीचं लोणी-हळद उरलं होतं. त्यांनी माझ्यातलं कुटार मूठमूठ काढून बाहेर टाकलं. मग राखीच्या बसायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना, जिथं माणसाला खांदे असतात तिथं, हळद चोळली. बोटं फुटक्या नाकावरून फिरवली, करवतीच्या खाचेवरून फिरवली. उरलेली हळद राखीच्या दुखऱ्या खांद्याला लावली.

"आज आवतन घे," त्या मला म्हणाल्या. "उद्या जेवाले ये. माहं चुकलं, बाप्पा. ओझ्याशिवाय चालणारा बैल वाटेवर शोभते. पाण्यात जाणारा कामाचा असते. कामाच्याले ओझंच पायजे."

काकांनी करवत गुपचूप पाठीमागे लपवली. "मले कोणी सांगतलं असतं तं..." ते पुटपुटले. उज्ज्वलाताईंनी माठावरचं झाकण काढून धुतलं आणि विचारलं, "अन् मंग माठावर काय ठेवू?" सगळे हसले. मी नाही हसलो. माझं झाकण होतं ते.

दुसऱ्या दिवशी पोळ्याच्या रांगेत बैलांच्या मागे मलाही चौघांनी खांद्यावर घेऊन उभं केलं. गळ्यात चंद्याची जुनी घंटा. गाव हसलं, हसू दे. राखीनं माझं नाक काचेच्या कापडानं सांधलं, करवतीची खाच बुजवली, आसन उकिरड्यावरून शोधून घासूनपुसून बसवलं. दादींनी माझ्या कप्प्यांची मापं स्वतः हातानं घेतली आणि दिवाळीपर्यंत चार अरुंद गोण्या शिवल्या, कवड्या न लावता, कारण कवड्या आतून घासतील असं राखी म्हणाली. निघायच्या दिवशी त्या गोण्या दादींनी स्वतः माझ्यात ठेवल्या. खाली, सपाट, पुढेमागे सारख्या. मग झाकण दाबून वर बसून पाहिलं.

"जाय सरदार. भरल्या पोटानं जाय," त्या म्हणाल्या.

या वेळी राखीनं पुन्हा पहिल्यापासून, रत्नागिरीहून सुरुवात केली. देवगडच्या त्या काळ्या टोकापाशी दुपारचा वारा तसाच आला, परतणारी लाट तशीच बाजूनं आली. मी माझ्या भरलेल्या पोटानं पाण्यात बसून राहिलो. माझं नाक हललं नाही. राखीच्या पाठीवर काही नव्हतं, तिचे हात मोकळे होते. तिनं सलग वल्हं मारलं, मी सरळ गेलो, आणि टोक मागे पडलं. मागे पडल्यावर तिनं वल्हं आडवं ठेवलं, पुढे वाकून माझ्या पाठीवर डोकं टेकलं आणि म्हणाली, "माफ कर." मित्रांनो, मी रागीट आहे, पण दगड नाही. केलं माफ. म्हणजे बहुतेक केलं.

मालवण, निवती, वेंगुर्ला, शिरोडा, आणि मग तेरेखोलची खाडी. आम्ही पोहोचलो. तिनं दादीला फोन लावला आणि या वेळी काय सांगितलं? "दादी, सरदारनं आणलं!" हे वाक्य मी जपून ठेवलं आहे. परतताना शिरोड्याच्या मिठागरातून तिनं दादीसाठी मीठ घेतलं आणि रिकाम्या झालेल्या गोणीत भरून माझ्या पोटात ठेवलं. लदेणीतले बैल समुद्राकडून मीठ आणायचे ना, तसंच.

आता मी तांड्यातच असतो, कोठ्यात, पण विटांवर नाही. लाकडी घोड्यांवर, पालथा, ऊन लागू नये म्हणून ताडपत्रीखाली. थंडी पडली की राखी येते आणि आम्ही निघतो. बादलकाका पाहुण्यांना अजूनही सांगतात, "ही आमची गव्हाण होती," आणि मी अजूनही चिडतो.

मित्रांनो, तुमच्या घरीही असं कुणीतरी मुकं असेल. सायकल असेल, जुनं शिवणयंत्र असेल, गोठ्यातलं जनावर असेल. त्याला हार घाला, नका घालू, तुमची मर्जी. पण त्याला ज्या कामासाठी घडवलं ते काम करू द्या, आणि करताना त्याला हवं ते द्या. देवासारखं जपतो म्हणत त्याला उपाशी ठेवू नका. आणि तुमच्या हातून चूक झाली तर ती तुमच्याच पाठीवर राहू द्या. जो बोलू शकत नाही त्याच्या अंगावर ढकलून मोकळे होऊ नका. त्याला ऐकू येतं.

आम्ही परतलो त्या दिवशी दादींनी चंद्यापुढे त्याची खरी, नवी, दगडी गव्हाण मांडली आणि तिच्यात शिरोड्याचं मीठ मूठभर टाकलं. चंद्यानं गव्हाणीकडे पाहिलंसुद्धा नाही. तो थेट माझ्याकडे आला आणि माझं अंग चाटायला लागला. खरबरीत जीभ, नाकापासून शेपटापर्यंत, सगळा किनारा त्यानं चाटून घेतला. दादी हसत त्याला हाकलायला धावल्या.

मी म्हटलं, राहू द्या हो दादी. या वेळी मी त्याच्यासाठीच आणलंय.